पावसाळ्यात बाईक उभी ठेवायचीय: स्प्रे मारायचा की ग्रीस लावायचं?

मालवण, देवगड, रत्नागिरीकडे जून ते सप्टेंबर बाईक पडवीत उभी राहते आणि गणपतीला चाकरमानी येऊन बघतो तर स्पोक, चेन, सायलेन्सर सगळं गंजून लालेलाल. नुसता पाऊस नाही, खारं वारं मुख्य कारण, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि लोखंड सुकूच देत नाही.

डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे सोपा, नट-बोल्टच्या फटीत शिरतो, पाणी बाहेर ढकलतो, पण त्यातलं बरंचसं उडून जातं आणि मागे राहतो तो एकदम पातळ थर, म्हणून खाऱ्या हवेत तो पुन्हा पुन्हा मारावा लागतो. घरात रोज कोणी असेल तर ठीक आहे.

ग्रीस चिकट, हात खराब होतात, धूळ-वाळू बसते, नंतर पुसायचा कंटाळा येतो, पण जाड थर महिनोन्महिने टिकतो. स्पोक, स्टँड, एक्सल, बोल्टची डोकी यांना मी ग्रीसच सांगेन. चेनला मात्र ९० नंबरचं गिअर ऑइल बरं, ग्रीस आत रोलरपर्यंत पोचत नाही.

दोन्हीच्या आधी गोड्या पाण्याने धुवून गाडी पूर्ण सुकवा, मिठावर ग्रीस थापलंत तर आतून गंज चालूच राहतो हो! आणि ब्रेकची डिस्क, पॅड, टायर यांना यातलं काहीही लागू देऊ नका, ब्रेक लागणार नाही. मुंबईत राहून गाडी गावाला ठेवणाऱ्यांनी सरळ ग्रीसच घ्या.