४८ तासांचा जॅम की सेमिस्टरभराचा गेम?

गेम बनवता बनवता टीममध्ये काम करायला शिकायचं, तर विद्यार्थ्यांपुढे साधारण दोन वाटा असतात: दोन-तीन दिवसांचा गेम जॅम (ठरलेल्या वेळात एक अख्खा गेम बनवायचा उपक्रम) किंवा सेमिस्टरभर चालणारा प्रोजेक्ट. दोन्हीकडे प्रोग्रामर, आर्टिस्ट, डिझायनर आणि (बहुधा आयत्या वेळी पकडून आणलेला) साउंडवाला एकत्र येतात. शिकायला मिळतं ते मात्र वेगवेगळं.

४८ तासांचा साचा ग्लोबल गेम जॅमने २००९पासून जगभर रुजवला. त्याआधी २००२मध्ये लुडम डेर हा ऑनलाइन जॅम सुरू झाला होता. त्यातली ४८ तासांची ‘कॉम्पो’ (स्पर्धा) एकट्याने करायची असते, टीमसाठी ७२ तासांचा वेगळा जॅम. टीमवर्क शिकायला निघालेल्याने चुकून कॉम्पोत उतरू नये.

जॅममध्ये एक गोष्ट फार चांगली शिकता येते, ती म्हणजे कापाकापी. पहिल्या रात्री फळ्यावर दहा शस्त्रं, पाच लेव्हल आणि एक बोलणारा कुत्रा असतो. दुसऱ्या दुपारी एक शस्त्र आणि एक लेव्हल उरते, कुत्र्यावर पाणी सोडलेलं असतं. आणि तो कुत्रा रात्रभर जागून रंगवणाऱ्याला हे तोंडावर, पण न दुखावता सांगावं लागतं. ‘सेलेस्ट’ हा गाजलेला गेमही २०१५मध्ये चार दिवसांच्या जॅममध्येच जन्मला. पूर्ण गेम यायला मात्र २०१८ उजाडलं. मधल्या काळात जे करावं लागतं, ते जॅम शिकवत नाही. तिथे गचाळ कोड सोमवारी फेकून देता येतो आणि कामचुकार सोबत्यालाही दोन दिवस खपवून घेता येतं.

फाइलींचंच बघा. दोघांनी एकाच वेळी तीच लेव्हल उघडली, एकाने दार सरकवलं, दुसऱ्याने शत्रू वाढवले. साध्या कोडमधले असे बदल गिट (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा आपोआप जुळवतं. पण अनरियल या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हलची फाइल बायनरी असते, म्हणजे साध्या मजकुरासारखी ओळीओळीने वाचता येत नाही. ती अशी जुळवता येत नाही, दोघांपैकी एकाचंच काम टिकतं. जॅममध्ये सगळे एका खोलीत, त्यामुळे ‘लेव्हल दोन माझ्याकडे आहे, हात लावू नका’ असं ओरडलं की भागतं. सेमिस्टरमध्ये एक जण रात्री घरून काम करतो, दुसरा सकाळी लॅबमध्ये. मग फाइल लॉक करायची सोय लागते, लेव्हलचे तुकडे पाडावे लागतात, कोणता तुकडा कुणाचा ते लिहून ठेवावं लागतं. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पहिला धडा मला तरी इथेच दिसतो.

दुसरा धडा परीक्षा जवळ आल्या की सुरू होतो. ‘मॉडेल ऐंशी टक्के झालंय’ हे वाक्य तीन आठवडे ऐकू येतं. म्हणून कामाचे तुकडे एवढे लहान हवेत, की दोन दिवसांनी ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढंच उत्तर देता यावं. टप्प्यांचे अर्थही ठरलेले हवेत. अल्फा म्हणजे सगळी फीचर्स आत, भले अडखळत चालणारी. बीटा म्हणजे नवं काही नाही, फक्त बग काढायचे. या व्याख्या टीमने पहिल्याच आठवड्यात ठरवल्या नाहीत, तर शेवटच्या रात्रीपर्यंत कुणीतरी डबल जंपसारखं (हवेत असताना दुसरी उडी) काहीतरी नवं घालतच राहतो.

टीम मोठी असली की काम हलकं होईल, ही आशा सोडा. चौघांत बोलण्याच्या जोड्या ६ होतात, आठ जणांत २८.

एकही गेम पूर्ण केला नसेल, तर जॅम करा. कोड येतो पण माणसं आणि वेळ सांभाळायला शिकायचंय, तर सेमिस्टर, यात मला शंका नाही. डिजिपेन या अमेरिकेतल्या गेम शिकवणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केलेला ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ (२००५) बघून व्हॉल्व्ह या गेम कंपनीने त्या मुलांनाच नोकरीवर घेतलं आणि २००७मध्ये ‘पोर्टल’ हा गाजलेला गेम आला. असं क्वचितच होतं, त्या भरवशावर निवड करू नका. दोन्ही जमणार असेल, तर ज्यांच्याबरोबर सेमिस्टर काढायचंय त्यांच्यासोबतच आधी एक जॅम करा. कोण चिडतं आणि कोण गायब होतं, ते स्वस्तात कळेल.

प्रोजेक्ट घेण्याआधी गाइडला मार्कांचं विचारून घ्या: सगळ्यांना सारखे, की ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे? कामाप्रमाणे असतील, तर काम मोजणार कसं? फक्त गिटमधले कमिट (जतन केलेले बदल) मोजले तर प्रोग्रामर पुढे दिसतो आणि आठवडाभर कागदावर लेव्हल आखणारा डिझायनर रिकामा बसल्यासारखा. त्याने कागदांचे फोटो तारखेनिशी त्याच रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या गिटमधल्या साठ्यात) टाकत जावेत.