शुभंकरांचा छोटा गट : तसाच ठेवावा, नोंदवावा की संस्थेच्या छत्राखाली न्यावा?

महिन्यातून एकदा वीस-बावीस शुभंकर, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची काळजी घेणारे घरचे लोक, गोल करून बसतात. मुलाचा स्किझोफ्रेनिया, बहिणीचं नैराश्य, जे घरात बोलता येत नाही ते इथे बोलतात. चार-पाच वर्षं झाली की कुणीतरी विचारतंच, 'आपण रजिस्टर का करत नाही?' तुमच्या गटातही हा प्रश्न आला असेल, तर थोडं थांबून बघा.

गट आहे तसा ठेवण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे स्वमदत गट. १९३५ साली अमेरिकेत दोन माणसांपासून सुरू झालेल्या या चळवळीत आजही फी नाही, आडनाव विचारत नाहीत आणि बाहेरची देणगी घेत नाहीत. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. मात्र तिथे बैठकीचा आराखडा आणि परंपरा लिहिलेल्या आहेत. आपले घरगुती गट सहसा एकाच ताईंच्या जिवावर चालतात. त्या आजारी पडल्या की बैठक बंद.

सोसायटी म्हणून नोंदणीसाठी किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सोसायटी नोंदवली की धर्मादाय आयुक्तांकडे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद करावी लागते. मग दरवर्षी हिशेब, ऑडिट आणि विश्वस्त बदलले की ते कळवणारा चेंज रिपोर्ट. त्याबदल्यात संस्थेच्या नावाने बँकेत खातं उघडता येतं, आयकर कायद्यातली ८०जी मान्यता मिळाली तर देणगीदाराला करसवलत देता येते, मानधन देऊन समुपदेशक नेमता येतो. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा, पैसा मात्र लगेच येत नाही. निदान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो.

मला खरी काळजी सभासदांच्या यादीची वाटते. मुलीचं लग्न ठरायचं आहे म्हणून जी आई गटात स्वतःचं पूर्ण नावही सांगत नाही, ती सभासद-अर्जावर सही कशी करेल? म्हणून नोंदणी करायचीच असेल तर सभासद मोजकेच सात-नऊ कार्यकर्ते ठेवा, आणि बैठकीला येणाऱ्याला कुठलाही अर्ज भरायला लावू नका. हे संस्थेच्या घटनेतच, म्हणजे नियमावलीतच, लिहून घ्या.

तिसरी वाट मोठ्या संस्थेची. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना १९८६) व्यसनी माणसांच्या पत्नींचा 'सहचरी' गट संस्थेतच चालतो. एखादी सहचरी कोसळली तर समुपदेशक तिथेच असतो, जागेची चिंता नाही. पण अशा छत्राखाली बाहेरून आलेल्या गटाला वेळ, विषय, नवा माणूस घ्यायचा की नाही, हे दुसऱ्याला विचारून ठरवावं लागू शकतं. दहा वर्षं आपल्या पद्धतीने चाललेल्या गटाला ते जड जाईल.

मी तुमच्या जागी असते तर आधी गोपनीयतेचा नियम एका पानावर लिहिला असता, बैठक चालवायला आणखी दोघांना तयार केलं असतं, आणि रात्री-अपरात्री फोन आला तर काय करायचं ते ठरवलं असतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तर प्रत्येकाकडे हवाच. समुपदेशकाला दरमहा मानधन देण्याची वेळ आली, की त्या महिन्यात नोंदणीचे कागद काढले असते. त्याआधी नाही.