कॅफे मोमेंटम, डलास : दुसरी अटक टाळू पाहणारे उपाहारगृह

टेक्सासमधील डलास शहराच्या मध्यभागी 2015 साली सुरू झालेल्या आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांना काम शिकवणाऱ्या कॅफे मोमेंटमची शिफारस मी आधी जेवणासाठी करतो, कारण निव्वळ दयेपोटी माणूस एकदा येईल, पुन्हा येणार नाही. धुरी देऊन मग तळलेले चिकन ही या उपाहारगृहाची ओळख आहे. आवरण कुरकुरीत, मांस रसदार आणि धुराचा वास इतकाच की मसाला दबत नाही. मेनू ऋतुमानाप्रमाणे बदलतो, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी टेबल राखून ठेवतानाच चौकशी करावी. वाढपी वयाने कोवळे असले तरी कोणत्या पदार्थात काय घातले आहे हे नीट सांगतात. त्यांना पदार्थाबद्दल हवे तितके विचारावे. ते येथे कसे आले, हे विचारू नये.

ही मुले-मुली साधारण 15 ते 19 वयाची असून डलास कौंटीच्या बालन्याय व्यवस्थेतून आलेली असतात. वर्षभराच्या पगारी उमेदवारीत ती भांडी घासणे, भाजी चिरणे, शेगडी सांभाळणे, वाढणे आणि दारात पाहुण्यांचे स्वागत करणे ही सगळी कामे आळीपाळीने शिकतात. त्याबरोबर राहिलेली शाळा, राहण्याची जागा, समुपदेशन आणि पैशांचे व्यवहार यांकडेही संस्था लक्ष देते. संस्थापक शेफ चॅड हाउझर 2008 साली बालकोठडीतील काही मुलांना आइस्क्रीम करायला शिकवायला गेले होते आणि त्यांतल्या एकाने पुढे आइस्क्रीमची स्पर्धाही जिंकली. 2011 पासून त्यांनी शहरातील नावाजलेल्या उपाहारगृहांत अशा मुलांच्या हातचे जेवण एकेका रात्रीपुरते मांडले, आणि त्यातून ही कायमची जागा उभी राहिली. 2023 साली पिट्सबर्गमध्येही शाखा निघाली.

वाढणारी बहुतेक मुले कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो असतात, आणि हा योगायोग नाही. 2021 च्या आकडेवारीनुसार अमेरिकेत कृष्णवर्णीय अल्पवयीन मुलगा कोठडीत वा सुधारगृहात असण्याची शक्यता गोऱ्या मुलाच्या जवळजवळ पाचपट होती. अमली पदार्थांच्या सेवनाबाबतच्या सर्वेक्षणांत दोन्ही समाजांतील किशोरांचे प्रमाण फारसे वेगळे दिसत नाही. वेगळे असते ते पोलीस कोठे उभे असतात आणि शाळा कोणाच्या दंगेखोरपणासाठी पालकांना बोलावते, कोणाच्या दंगेखोरपणासाठी गणवेषातल्या अधिकाऱ्याला, हे. टेक्सासमध्ये वर्गात गोंधळ घातल्याबद्दल पोलिसांनी मुलांच्या हाती थेट फौजदारी दंडाची पावती देण्याची पद्धत 2013 पर्यंत चालू होती. आपली पुष्कळ मराठी मंडळी जेथे राहतात त्या डलासजवळच्या आयर्व्हिंगमध्ये 2015 साली घरी बनवलेले घड्याळ शाळेत नेणाऱ्या चौदा वर्षांच्या मुस्लिम मुलाला बेड्या पडल्या, तेव्हा आमच्या घरोघरी काही दिवस तोच विषय होता. मात्र कृष्णवर्णीय मुलांच्या नित्याच्या अटकांवर त्याच दिवाणखान्यांत मी चर्चा ऐकलेली नाही.

एकदा आत गेलेले मूल पुन्हा आत का जाते, याचे उत्तर बरेचसे रुक्ष आहे. वर्ष अर्धे बुडालेले असते, शाळा परत घ्यायला नाखूश असते, सुटलेल्या मुलावर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याची भेट दुपारी असते आणि बस वेळेवर येत नाही. नवा गुन्हा न करताही केवळ चुकलेल्या भेटीमुळे वॉरंट निघू शकते. शिकागोतील 35,000 हून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. तेथे कोणाचा खटला कोणत्या न्यायाधीशापुढे जाईल हे जवळपास नशिबावर ठरत असल्याने, कडक आणि सौम्य न्यायाधीशांपुढे गेलेल्या सारख्याच मुलांची तुलना करता आली. कोठडीत गेलेल्यांचे शाळा पूर्ण करण्याचे प्रमाण 13 टक्के-बिंदूंनी घसरले आणि प्रौढपणी तुरुंगात जाण्याचे प्रमाण बरेच वाढले. पगार, शाळा, छप्पर आणि पाठपुरावा करणारा माणूस एकाच ठिकाणी देणारी ही उमेदवारी नेमक्या याच तुटलेल्या जागांवर काम करते, म्हणून तिच्यावर माझा विश्वास आहे.

तरीही अशा उपक्रमांचे यश ‘किती मुले पुन्हा पकडली गेली’ यावर मोजले जाते, तेव्हा मी सावध होतो. पुन्हा पकडले जाणे जितके मुलाच्या वागण्यावर अवलंबून असते तितकेच त्याच्या गल्लीत गस्त किती आहे यावरही. म्हणजे ज्या पक्षपातामुळे पहिली अटक झाली, तोच पक्षपात मोजपट्टीतही शिरतो. पहिल्या अटकेपर्यंत तर या स्वयंपाकघराचा हात पोहोचतच नाही, आणि तशी अपेक्षा त्याच्याकडून करणेही अन्यायाचे आहे. बालन्यायालयांतील वांशिक तफावतीकडे राज्यांनी लक्ष द्यावे, ही अट संघराज्याच्या कायद्यात 1988 पासून आहे. टेक्सासमध्ये मात्र आजही सतरा वर्षांच्या मुलाला अटक झाली की त्याचा खटला प्रौढांच्या न्यायालयात चालतो, आणि कॅफेतले कित्येक उमेदवार याच वयाचे असतात. ही वयोमर्यादा एका वर्षाने वाढवण्याची विधेयके ऑस्टिन या राजधानीतल्या राज्य विधिमंडळात एकाहून अधिक वेळा आली आणि अडली.