टर्लिप्रेसिन: किडनी सावरणारं इंजेक्शन, पण डोळ्यांत तेल घालून द्यायचं

सिरॉसिस (लिव्हर कडक होण्याचा आजार) वाढला की पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, किडनीला रक्त कमी पडतं आणि क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) चढतं. टर्लिप्रेसिन नेमक्या त्याच वाहिन्या आवळतं, म्हणून आमची पसंती यालाच. दर ६ तासांनी १ मिग्रॅ, सोबत रोज २० ते ४० ग्रॅम अल्ब्युमिन (शिरेतून द्यायचं रक्तातलं प्रथिन). चौथ्या दिवशी क्रिएटिनिन ३० टक्केही उतरलं नसेल तर डोस दुप्पट. दिवसाला २ मिग्रॅपासून सुरू करून सलग ड्रिपने दिलं तर दुष्परिणाम कमी होतात; ही पद्धत जास्त पटते.

खरी भीती फुप्फुसांची. अल्ब्युमिन जास्त झालं की पाणी साचतं, धाप लागते. रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असेल तर सुरूच करू नये. बोटं काळीनिळी पडली, पोटात कळा आल्या की लगेच थांबवावं. क्रिएटिनिन ५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या पुढे गेल्यावर फायदा क्वचितच, त्यामुळे उशीर नको.