काचेवरचे ठिपके स्टिकर: पक्ष्यांसाठी नक्की घ्या
आमच्या गॅलरीच्या स्लायडिंग काचेत समोरचं वडाचं झाड जसंच्या तसं दिसतं, त्यामुळे बुलबुल, तांबट धाडकन येऊन आपटायचे, जीव कळवळायचा अगदी, म्हणून हा ठिपक्यांचा रोल मागवला. आता तांबट काचेजवळ येतो आणि वळून परत वडावर जातो, बघून इतकं बरं वाटतं! ठिपके बाहेरच्या बाजूनेच लावा हं, आतून लावले तर प्रतिबिंब तसंच राहतं, आणि दोन ठिपक्यांत 5 सेंटीमीटरपेक्षा जास्त गॅप नको, नाहीतर पक्षी मधून घुसायला बघतात. ससाण्याचं एकच मोठं स्टिकर मिळतं ते घेऊ नका, पक्षी त्याच्या बाजूच्या मोकळ्या काचेवर आपटतात. पावसात कडेचे ठिपके निघाले, गोंद अजून चांगला हवा, एक स्टार त्यासाठी कापला.