बुजणं, त्रास, संकोच: शब्द शोधायला ही साइट एक नंबर

पाचपैकी पाच. शिकागो युनिव्हर्सिटीची डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया ही साइट ज्यांना शब्दांची गोडी आहे त्यांनी वापराच, फुकट आहे, मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आपट्यांचा संस्कृत कोश, सगळं एका जागी.

मी सध्या भीतीनं अंग चोरण्याचे शब्द काढत बसलोय आन आपल्याकडं ते लई आहेत, बिचकणं, दबकणं, कचरणं, भेदरणं, पण आमच्या परभणीकडं बैलासाठी हमखास तोंडात येतो तो बुजणं. नवा बैल पहिल्यांदा डांबरी रोडला आला आन शेजारून ट्रक गेला की कान मागं टाकतो, अंग आखडतो, जू मानेवर तसंच आन पाय मागं मागं, तवा गडी पाठीवर थाप देऊन म्हणतो "कामून बुजायलास रे". निस्तं भिणं नाही ते, मागं सरणं पण त्यातच आलं. बुजरं पोरगं यातलंच, ज्वारीत पाखरं बुजवायला उभं करतो ते बुजगावणं पण यातलंच (खड्डा बुजला तो अर्थ निराळा). फोनवरच्या एका डिक्शनरी अ‍ॅपमधी हाच शब्द टाकला तर फक्त लाजणं आलं आन वरून जाहिरात. लाजणं आन बुजणं एकच कसं होईल? अशा अर्थांवर पोरं मराठी शिकायलेत याचं खरंच वाईट वाटतं.

संस्कृत मूळ बघायचं तर आपटे उघडा. त्रस् धातू म्हणजे थरथरणं, भिणं, आन संस्कृतात त्रास म्हणजे सरळ भीती. आपण "प्रवासात लई तरास झाला" म्हणतो त्यात भीती कुठं राहिली? संकोच तर त्याहून भारी, कुच् म्हणजे आखडणं, आकुंचनमधी पण तेच, म्हणजे आधी अंग आखडत होतं, मग ते मनाचं झालं, आता पाहुण्याला आपण म्हणतो संकोच करू नका, अजून एक भाकरी घ्या. दहशत मात्र अरबीतून फारसीमार्गे आली.

मोल्सवर्थमधी अर्थ इंग्रजीत आहेत, मराठीतूनच पाहिजे तर दाते-कर्वे बघा. शब्द जुन्या पद्धतीनं छापलेत, बुजणं नाही तर बुजणें, असं शेवटी मात्रा आन टिंब देऊन, शोधताना तेवढं ध्यानात ठेवा.