दहावीनंतर वजन उचलायचंय: व्यायामशाळा, साखळी जिम की घरचे डंबेल?

दहावीची परीक्षा आटोपली की ठाण्या-नवी मुंबईतल्या घरांत एक मागणी हमखास येते: मला जिम लावायची आहे. बहुतेक वेळा त्याच घरात आणखी एक वाद आधीपासून चालू असतो, तो मोबाइलवरच्या गेमचा. आईवडील एकावर उतारा म्हणून दुसरं पुढे करतात. ‘ठेव तो मोबाइल आणि जा जिमला.’ मला मात्र या दोन्ही गोष्टी मुलाच्या एकाच स्वभावातून आलेल्या दिसतात. तो स्वभाव ओळखला तर मुलाला कुठे घालायचं, हे ठरवणं सोपं जातं.

गेममध्ये एकेक कौशल्य वाढवत बसणारी मुलं पाहा. रूनस्केप हा २००१ सालापासून चालू असलेला ऑनलाइन गेम घ्या. त्यात लाकूडतोड, मासेमारी, ताकद अशी वेगवेगळी कौशल्यं आहेत आणि त्याच्या ‘ओल्ड स्कूल’ आवृत्तीत प्रत्येकाच्या ९९ लेव्हल. पहिलीवरून दुसरीवर जायला ८३ गुण पुरतात. ९९व्या लेव्हलला लागतात १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१. याचा अर्धा पल्ला पार होतो तेव्हा खेळाडू ९२व्या लेव्हलवर असतो. म्हणजे शेवटच्या सात लेव्हलना आधीच्या सगळ्यांइतकीच मेहनत. हे ठाऊक असूनही मुलं महिनोन् महिने एकच काम करत राहतात, कारण आपण कुठे आहोत आणि पुढची पायरी किती दूर आहे, हे पडद्यावर सतत दिसत असतं.

वजनं उचलण्याचं गणित असंच चालतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, कारण मज्जासंस्था असलेल्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकत असते. मग वेग मंदावतो. पाच किलोंची वाढ आठवड्यात झाली होती, तिथे अडीच किलोंसाठी महिना लागतो. नेमका इथे मुलगा कंटाळून सोडून देतो, आणि तोही गेममध्ये याच्या दसपट कंटाळवाणं काम बिनतक्रार करणारा मुलगा. शरीराची लेव्हल कुणी लिहून ठेवलेली नसते, म्हणून ती त्याला दिसत नाही.

तेव्हा माझ्या मते जागा निवडताना पहिला प्रश्न हाच असावा: इथे वजन थोडं थोडं वाढवता येतं का, आणि ते लिहिलं जातं का? एसी, आरसे, गाणी, मशीनची संख्या हे सगळं त्यानंतर.

पायरी किती उंच आहे

पुरुषांचा स्पर्धेचा रॉड २० किलोंचा असतो, स्त्रियांचा १५चा. पंधरा-सोळा वर्षांच्या नवशिक्या मुलाला नुसता २० किलोंचा रॉड डोक्यावर ढकलणंही जड जाऊ शकतं. मग तो डंबेलकडे वळतो. साखळी जिममध्ये, म्हणजे एकाच नावाच्या अनेक शाखा असलेल्या जिममध्ये, डंबेल बहुधा अडीच-अडीच किलोंनी वाढत जातात. २० वरून साडेबावीसवर जाणं म्हणजे साडेबारा टक्के वाढ, पण ५ वरून साडेसातवर जाणं म्हणजे एकदम पन्नास टक्के. लहान मुलाला हलक्या वजनावरच सगळ्यात मोठी उडी मारायला लागते. त्याच वेळी पाठ वाकते, खांदा कानाला लागतो आणि दुखणं सुरू होतं. हलक्या रॉडला सव्वा किलोच्या दोन प्लेट्स लावल्या की तीच अडीच किलोंची वाढ दोन्ही हातांत मिळून होते. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी मुद्दाम विचारा: हलका रॉड आहे का, आणि सव्वा किलोच्या प्लेट्स आहेत का. साखळी जिममध्ये त्या सहसा असतात, पण शोधाव्या लागतात. जुन्या व्यायामशाळेत काही प्लेट्स घासून घासून आकडा गेलेल्या असतात. तिथल्या जुन्या माणसाला विचारलं की तो हातात घेऊन वजन सांगतो, पण नव्या मुलाला ते कसं कळणार? या एका बाबतीत घरचा संच दोघांपेक्षा बरा पडतो. प्लास्टिकच्या आवरणाच्या स्वस्त संचात बहुधा एक-दोन किलोच्या प्लेट्स असतात.

बागांमधल्या ओपन जिमबद्दल एवढंच: नवी मुंबईत सेक्टरासेक्टरांतल्या उद्यानांत ती यंत्रं आहेत, आजीआजोबांना सांधे मोकळे करायला उत्तम आहेत, पण बहुतेकांत वजन वाढवायची सोयच नाही. सोळा वर्षांच्या मुलाला ती लवकरच अपुरी पडतात.

थोडं थोडं वाढवायची ही पद्धत नीट बसवली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे गुडघे लवकर बरे व्हावेत म्हणून त्यांनी जड वजनांचा व्यायाम देऊन पाहिला आणि १९४५ मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे त्यांनी ठरवलेला क्रम आजही नवशिक्याला देता येतो: जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं, त्याच्या निम्म्याने दहा, पाऊण वजनाने दहा, मग पूर्ण वजनाने दहा. वहीत तारीख, वजन, किती वेळा, एवढंच लिहायचं. ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने भौतिकशास्त्राच्या वहीचं शेवटचं पान उभं दुभागलंय. डावीकडे गेममधली कौशल्यं, उजवीकडे स्क्वॉट, बेंच आणि रोइंग. उजव्या बाजूच्या एका ओळीत ‘३० × ९, दहावा गेला नाही’ असं लिहिलंय आणि खालच्या तारखेला ‘३० × १०’ला लाल शाईचा चौकोन. त्या चौकोनासाठी तो गुरुवारी पावसातून गेला होता.

कोण बघतंय

इथे व्यायामशाळा सरळ पुढे आहे. ठाण्यात नौपाडा, चरई, कोपरी, कळवा या जुन्या वस्त्यांत मंडळांच्या व्यायामशाळा अजून चालतात. दारात चपला, आत मारुतीची तसबीर, कोपऱ्यात मुद्गल, आणि वर्षानुवर्षं संध्याकाळची बॅच घेणारे एखादे सर किंवा दादा. त्यांच्याकडे शरीरशास्त्राची पदवी असेलच असं नाही. पण मुलगा दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी ‘काय रे, कुठे होतास?’ असं विचारणारं माणूस तिथे असतं. साखळी जिममध्ये वर्षाचे पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे मुलगा आला काय आणि न आला काय, विचारायला कुणी बांधील नसतं. वैयक्तिक ट्रेनर घेतला तर तो विचारतो, पण त्याची फी वेगळी आणि ती मूळ फीच्या वर सहज जाते.

व्यायामशाळेची उणी बाजूही स्पष्ट सांगते. अनेक ठिकाणी मुलींसाठी वेगळी वेळ नाही, कपडे बदलायला धड जागा नाही. मुलीसाठी जागा शोधत असाल तर साखळी जिम किंवा सोसायटीच्या क्लबहाऊसमधली जिम बहुतेकदा जास्त सोयीची पडते, आणि तिथे १५ किलोंचा रॉड मिळायची शक्यताही अधिक. मुलींनी वजनं उचलू नयेत, असं अजून काही घरांत मानतात. त्याला काहीही आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ५ ते १७ वयाच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटं चांगला दमवणारा व्यायाम आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही.

उंची खुंटते ही भीतीही बाजूला ठेवा. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, नीट पद्धतीने उचललेल्या वजनांनी उंची खुंटत नाही. दुखापती होतात त्या देखरेख नसताना आणि झेपणार नाही ते वजन एकदाच उचलून दाखवायच्या नादात. म्हणूनच घरच्या डंबेलला मी पहिल्या सहा महिन्यांसाठी तिसऱ्या क्रमांकावर ठेवते. घरी पैसे वाचतात, वेळ वाचतो, पण बाकपाठीने केलेला डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहणं) थांबवायला कुणी नसतं. त्यात आपल्या इमारतींत खालच्या मजल्यावरून तक्रार येते ती वेगळीच.

शिक्षा कशाची, कुणाला

शाळेत गृहपाठ केला नाही की उठाबशा, दंगा केला की मैदानाला फेऱ्या. आपल्यापैकी बहुतेकांची व्यायामाशी पहिली ओळख अशी झाली. मग घरी गेम जास्त खेळला म्हणून जिमला पाठवलं की मुलाच्या डोक्यात हिशेब पक्का होतो: गेम हा गुन्हा, व्यायाम ही त्याची सजा. सजा संपली की माणूस तुरुंगाकडे परत फिरकत नाही. काही व्यायामशाळांत अजून उशिरा येणाऱ्याला शंभर बैठका काढायला लावतात. जागा बघायला जाल तेव्हा अर्धा तास बसून हे बघा. चुकलेल्या मुलाला सर काय करायला लावतात? वजन कमी करून पुन्हा नीट करायला सांगत असतील तर बिनधास्त नाव घाला. सगळ्यांसमोर जास्तीच्या बैठका काढून घेत असतील तर दुसरी जागा बघा, मग ती कितीही नावाजलेली असो.

गेमच्या बाबतीत खरा गुन्हा कुठे आहे, हेही आईवडिलांना माहीत असायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, हा कायदा मान्यता देतो. तेव्हा मुलगा पैसे लावत असेल तर तो प्रश्न गंभीर आहे आणि व्यायामाने सुटणारा नाही. तो नुसता कौशल्यं वाढवत असेल, मित्रांबरोबर बीजीएमआय या मोबाइलवरच्या नेमबाजीच्या गेमचे सामने खेळत असेल, तर त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. आठवड्यातले तीन दिवस वजनं, उरलेल्या संध्याकाळी गेम, रात्री वेळेवर झोप, हे सहज जमतं. जपायची ती झोप. वाढत्या वयात स्नायू भरून यायला ती लागतेच, आणि रात्री बारानंतरचा सामना तिथे थेट आड येतो.

गेममध्ये लेव्हल चोरणाऱ्यालाही शिक्षा असते. रूनस्केपमध्ये बॉट, म्हणजे आपल्या जागी आपोआप खेळणारा प्रोग्रॅम, लावून गुण कमावले तर खातं कायमचं बंद होऊ शकतं, बीजीएमआयमध्ये हॅक वापरणाऱ्यांची खातीही कायमची बंद झाली आहेत. मुलांना हे न्याय्य वाटतं, फसवणाऱ्याचा त्यांना मनापासून राग असतो. तो राग इथे उपयोगी पडतो, कारण जिममध्येही बॉट विकणारे भेटतात. ‘सायकल (म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स) मार, तीन महिन्यांत छाती येईल’ म्हणत स्टेरॉइड देणारा, किंवा व्यायामाआधी टोचायचं इंजेक्शन देणारा. अशा इंजेक्शनांतलं मेफेंटरमाइन हे रक्तदाब घसरल्यावर, मुख्यतः शस्त्रक्रियेच्या वेळी, वाढवण्यासाठी द्यायचं औषध आहे, आणि ते जिममधल्या मुलांना बेकायदा विकलं जातं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकणं गुन्हा आहे. ॲनाबॉलिक स्टेरॉइडमुळे वाढत्या मुलाच्या हाडांची वाढणारी टोकं वेळेआधी बंद होऊ शकतात, म्हणजे वजनांनी न खुंटणारी उंची यांनी खरोखर खुंटते. खेळाडू म्हणून पुढे जायचं असेल तर उत्तेजक चाचणीत सापडल्यावर सहसा चार वर्षांची बंदी येते. हा धोका कुठल्याही जागी असू शकतो, व्यायामशाळेतही आणि एसी जिममध्येही. मुलाला घरी मोकळेपणाने बोलता येत असेल तर तो ‘अमक्या दादाने हे दिलं’ असं येऊन सांगतो. गेमवरून रोज बोलणी खाणारा मुलगा सांगत नाही.

मग कुठे?

ठाण्यात जुन्या वस्तीत राहत असाल, मुलगा असेल आणि चालत जाता येईल अशी व्यायामशाळा असेल, तर तीच घ्या. फी कमी आहे म्हणून हे सांगत नाही, विचारणारं माणूस आहे म्हणून. सव्वा किलोच्या प्लेट्स नसतील तर दोन विकत घेऊन सरांना सांगून तिथे ठेवा, त्यांना आनंदच होईल.

घोडबंदर रोडला राहत असाल तर व्यायामशाळेच्या मागे लागून रोज वाहतुकीत तास घालवू नका. सोसायटीच्या जिममध्ये वयाची अट काय आहे ते आधी बघा. सोळाव्या वर्षी प्रवेश असेल तर तिथेच सुरुवात करा आणि पहिले दोन महिने शिकवायला एखादा ट्रेनर आठवड्यातून दोनदा बोलवा. दोन-तीन घरांनी मिळून बोलवला तर खर्चही वाटला जातो.

वाशी, नेरुळ, ऐरोली या भागात साखळी जिम पायी अंतरावर मिळतात. तिथे वर्षाची सवलत नाकारून महिन्याचे किंवा तीन महिन्यांचे पैसे भरा. अकरावी सुरू झाली, क्लासची वेळ बदलली की संध्याकाळची सातची बॅच जमेनाशी होते, आणि वर्षाचे पैसे अडकून पडतात. ट्रायलच्या दिवशी मुलासोबत जा, पण बोलणं त्याला करू द्या. वही त्याच्या हातात असू द्या, आणि ट्रेनरने ती उघडून बघितली का, एवढं बघा.

घरचा संच सहा महिन्यांनी घ्या. तोवर स्क्वॉट, बेंच, रोइंग आणि डेडलिफ्ट त्याला कुणाच्या तरी डोळ्यांसमोर नीट जमायला लागले असतील. परीक्षेच्या दिवसांत मग तो संच कामाला येतो, आणि खाली जाड रबरी मॅट टाकली तर खालच्या काकूही काही बोलत नाहीत.